ओली फरशी, कोरडं पीठ

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गल्लीत सगळे 'पाणीबाई' म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा पहिल्यांदा दिसली ती त्यांची पाठ. खाली वाकून जिन्याच्या पायऱ्या घासत होत्या. नवी नवरी दारात उभी आणि घरातली थोरली सून हातात खराटा घेऊन म्हणतेय, "थांब जरा, एवढी पायरी वाळू दे."

त्यांचं माहेर टेकडीवरच्या दाटीच्या वस्तीत. नळ होता तो पायथ्याशी. पाणी डोक्यावरून वर न्यायचं, मग त्याचा थेंबन् थेंब पुरवायचा. आंघोळीचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं मोरीला. सासरी आल्या आणि नळाची तोटी फिरवली की धो धो पाणी! त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, पहिल्या दिवशी मी नुसती ती धार बघत उभी राहिले. सासूबाईंना वाटलं, सून वेडी मिळाली." तेव्हापासून स्वच्छता म्हणजे पाणी, आणि भरपूर पाणी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यांचा मुलगा लहानपणी किरकिऱ्या होता. वरचं काही तोंडात घेईना. म्हणून त्यांनी गहू, तांदूळ आणि मका निवडून, धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजून बारीक दळलं. ते पीठ दुधात शिजवलं आणि पोरानं वाटी चाटून पुसून खाल्ली. शेजारणीनं मागितलं, तिच्या बहिणीनं मागितलं, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांनी स्वतः येऊन विचारलं, "वहिनी, दुकानात ठेवू का?" माझं लग्न होईपर्यंत तळमजल्यावरच्या खोलीत छोटा कारखानाच उभा राहिला होता. मोठे भाऊजी लेथ मशीनवर काम करायचे. धान्य भाजायचं फिरतं पिंप त्यांनीच बनवून दिलं होतं. चक्की विकत आणलेली. जाऊबाई भाजायच्या आणि दळायच्या, मी आल्यावर वजन करून पाकिटं बंद करायचं काम माझ्याकडे आलं.

आणि धुणं? ते मात्र त्या कोणाला करू देत नसत. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी खोली धुवायची, संध्याकाळी संपल्यावर पुन्हा धुवायची. चक्कीवर पाण्याची नळी सोडायची. चाळण्या, धान्याचे परडे, टेबल, भिंती, सगळं. मोठे भाऊजी म्हणायचे, "मी दुपारी घरात डुलकी घेत नाही. कोण जाणे, ही मलाही धुऊन दोरीवर टाकेल." गल्लीतल्या नव्या आया मुद्दाम खोली बघायला यायच्या. चकचकीत ओली फरशी बघून खूश होऊन पीठ घेऊन जायच्या.

एकदा दुपारी समोरच्या टेलरकाकांची बायको आली. रोजच्यासारखी हसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "आमच्या नातीला दवाखान्यात ठेवलंय. ताप उतरत नाही, जुलाब थांबत नाहीत. डॉक्टर विचारत होते, वरचं काय देता. लेकीनं तुमच्या पिठाचं सांगितलं." एवढं बोलून ती घाईघाईनं म्हणाली, "तुमचं नाव घ्यायचं म्हणून नाही हो. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

मूल आठेक महिन्यांचं. गोबऱ्या गालांची ती पोर आजोबांच्या दुकानात कपड्यांच्या ढिगावर झोपलेली असायची.

टेलरकाकू गेल्या. जाऊबाईंनी चक्की बंद केली, हात पुसले, पिशवी घेतली आणि निघाल्या. मी मागोमाग. मेडिकलमध्ये जाऊन त्यांनी फळीवरची आपली सगळी पाकिटं स्वतःच्या हातानं पिशवीत भरली. मेडिकलवाले बघतच राहिले.

"अहो वहिनी, एक मूल आजारी पडलं म्हणून लगेच? मुलं काय काय तोंडात घालतात! कोणी तक्रार केलीय का?"

"तक्रार येईपर्यंत अजून कोणी खायचं?" जाऊबाई म्हणाल्या. "ज्यांनी नेलंय त्यांचे फोन असतील तर कळवा. म्हणावं, वापरू नका, आणून द्या."

घरी मोठे भाऊजीही वैतागले. "स्वतःहून बोट दाखवून घेतेस. उद्या सगळी गल्ली म्हणेल, हिच्याच पिठानं झालं."

"झालं असेल तर म्हणू दे की," त्या म्हणाल्या आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागल्या. बराच वेळ धूत राहिल्या.

डॉक्टरांनी अन्न तपासणीच्या कार्यालयाला कळवलं होतं. तिथून एक तपासनीस बाई आल्या. तरुण होत्या, बोलायला मऊ. बर्फाचा डबा, कापसाच्या काड्या लावलेल्या नळ्या, निर्जंतुक पिशव्या असं सगळं बरोबर. जाऊबाईंनी त्या येणार म्हणून खोली आणखीनच लखलखीत धुतली होती. बाई उंबऱ्यावर थांबल्या, बुटांवर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि फरशीकडे बघत म्हणाल्या, "आत्ताच धुतलंय?"

"रोज दोनदा धुते," जाऊबाई म्हणाल्या. आवाजात भीती होती, पण थोडा तोराही होता.

"चक्कीसुद्धा?"

"चक्की तर आधी!"

तपासनीस बाईंनी चक्कीचं झाकण उघडायला सांगितलं. मोठ्या भाऊजींनी पाना घेऊन खालचा भागही सोडवला. आत, जिथे हात पोचत नाही, डोळा पोचत नाही, तिथे पिठाचा एक थर धरला होता. पाणी पडून भिजलेला, वरून वाळलेला, आतून दमट. नखानं टोकरला तर चिकट निघाला. जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"हे मी धुते हो. रोज धुते."

"त्यामुळेच झालंय, ताई," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी एका उलट्या परड्यावर बसून समजावून सांगितलं. आम्ही तिघं उभे राहून ऐकत होतो. कच्च्या धान्यावर जंतू असतातच, शेतातून, गोदामातून, उंदरापाखरांकडून येतात. नीट भाजलं की मरतात. पण धोका असतो भाजल्यानंतर. भाजलेलं धान्य पुन्हा त्याच परड्यात पडलं, दमट चक्कीतून गेलं, तर जंतू पुन्हा लागतात आणि त्यानंतर त्यांना मारणारी आच कुठे नसते. कोरड्या पिठात ते वाढत नाहीत, हे खरं. पण मरतही नाहीत. महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात, पाण्याची वाट बघत.

"म्हणजे मी त्यांना पाणी घालत होते," जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मलाही आधी माहीत नव्हतं. मी शिकत होते तेव्हा असाच एक कारखाना बघून मनात म्हटलं होतं, किती स्वच्छ! आमच्या सरांनी मला फरशीवर बोट टेकवायला लावलं. ओलं निघालं."

त्यांनी नमुने घेतले. थराचा, मोरीच्या जाळीचा, परड्यांचा. फळीवरून आणलेली बंद पाकिटं घेतली. टेलरकाकांच्या घरातलं उघडं पाकीट त्यांनी आधीच नेलं होतं. निकाल येईपर्यंत काम बंद ठेवायला सांगितलं, पण ते तर बंदच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. मुलीचा ताप उतरायला लागला होता. सलाईन लावलेला हात एवढासा, त्याला फळीचा तुकडा बांधलेला. टेलरकाकांची लेक खाटेच्या कडेला बसली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची, सकाळी निघायची ते अंधार पडता परतायची. बोलता बोलता तिनं सांगितलं, "सकाळी मी कोमट पाण्यात पीठ कालवते आणि थर्मासमध्ये भरून ठेवते. आई दिवसभर थोडं थोडं भरवते. उकळायला वेळ कुठे असतो? आणि पाकिटावर भाजलेलं असं लिहिलंय ना."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. परत येताना रस्त्यात मी म्हटलं, "ऐकलंत ना? कोमट पाणी, वर दिवसभर थर्मास. सांगा बरं त्या तपासनीस बाईंना. अशानं कोणाच्याही पिठाचं विष होईल. सगळं तुमच्यावर कशाला?"

जाऊबाई चालत राहिल्या. बेकरीपाशी आल्यावर थांबल्या.

"थर्मासमध्ये वाढलं असेल," त्या म्हणाल्या. "पण थर्मासमध्ये ते गेलं कुठून?"

"पण तिनं उकळलं असतं तर…"

"पाकिटावर मी लिहिलं होतं का, उकळा म्हणून? दिवसभर काम करून दमलेली पोरगी ती. तिला मी सांगितलं नाही, ती कशी करेल? आणि हे बघ, हे थर्मासचं तू गल्लीत कोणाला बोलायचं नाहीस. घरच्यांच्या तोंडी ते एकदा आलं की तिचं जगणं मुश्किल होईल. तिची आईच म्हणेल, तूच आजारी पाडलंस."

मला त्यांचा रागच आला. सुटायची वाट समोर दिसत असताना माणूस तिच्याकडे पाठ करून उभं राहतं तेव्हा जवळच्यांना राग येतो.

निकाल आला तो वाकडातिकडाच. चक्कीतल्या थरात सालमोनेला नावाचा जंतू सापडला. टेलरकाकांच्या घरच्या उघड्या पाकिटात सापडला. बंद पाकिटांपैकी एकात सापडला, बाकीच्यांत नाही. आणि मुलीच्या तपासणीत काहीच नाही, कारण नमुना घेतला तेव्हा औषधं सुरू झालेली होती. जाऊबाईंनी सरळ विचारलं, "म्हणजे माझ्यामुळेच झालं ना?"

"असू शकतं. पण नक्की तुमच्यामुळेच, असं मी लिहू शकत नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "तसं कधी कळणारही नाही."

मोठ्या भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. मीही. जाऊबाईंना मात्र ते फार जड गेलं. मला वाटतं, दोष नक्की ठरला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. शिक्षा भोगून, माफी मागून मोकळं होता येतं. हे अर्धवट 'असू शकतं' उराशी घेऊन कुठे जायचं?

त्या गेल्या ते टेलरकाकांच्या घरी. मी सोबत होते. मूल घरी आलं होतं, आजीच्या मांडीवर पेंगत होतं. जाऊबाई बसल्या नाहीत.

"माझ्या चक्कीत जंतू निघाला," त्या म्हणाल्या. "एका बंद पाकिटातही निघाला. पोरीला त्यानंच झालं का, ते नक्की कळत नाही म्हणतात. पण माझ्याकडून गेलेल्या पिठात तो होता, हे खरं आहे. तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आले."

टेलरकाका टेप गळ्यात तसाच ठेवून उभे होते. ते काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, पण त्यांची लेक मध्येच म्हणाली, "तुम्ही जा आता."

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं दार लावून घेतलं. जिना उतरताना जाऊबाईंनी कठडा धरला. एरवी कधी धरत नसत.

त्यानंतर खोली सुधारायचं काम सुरू झालं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते किती तरी अवघड निघालं. भिंत घालून खोलीचे दोन भाग केले, अलीकडे कच्चं धान्य, पलीकडे भाजलेलं. अलीकडचं भांडं पलीकडे जायचं नाही, चपलासुद्धा नाही. धान्य धुणं बंद, निवडून आणि पाखडून घ्यायचं. पलीकडच्या भागात पाण्याचा थेंब नाही. ब्रश, खरवडणी, व्हॅक्यूम आणि शेवटी स्पिरिटचा बोळा, एवढ्यावरच स्वच्छता. काही धुवायचंच असलं तर बाहेर नेऊन धुवायचं आणि भट्टीपाशी खडखडीत वाळवल्याशिवाय आत आणायचं नाही.

हे सगळं कागदावर ठीक होतं. पण जाऊबाईंचे हात? विक्री बंदच होती, फक्त तपासणीपुरतं थोडं भाजून दळायचो; संध्याकाळी ते संपलं की त्या कोरड्या फरशीकडे अशा बघत, जशी एखादी आई न न्हालेल्या पोराकडे बघते. "मला घाण वाटते गं," त्या रडकुंडीला येऊन म्हणायच्या. "कोरड्या ब्रशानं काय साफ होणार?" एकदा त्या बाहेर गेल्या आणि आमच्या घरासमोरचा, शेजाऱ्यांच्या समोरचा आणि पार बेकरीपर्यंतचा फुटपाथ धुऊन आल्या. बेकरीवाल्यानं आभार मानले. मोठे भाऊजी म्हणाले, "अजून महिनाभर असं चाललं तर नगरपालिका हिला पगार देईल."

तपासनीस बाई पुन्हा आल्या, नमुने घेऊन गेल्या. फरशीत जंतू सापडला. पुन्हा सगळं घासलं, पुन्हा नमुने, पुन्हा तेच. मी हात टेकले. म्हटलं, पुरे झालं, दुसरं काही करू. मोठ्या भाऊजींनी मात्र मनावर घेतलं. या माणसानं आयुष्यभर चेष्टा केली, पण त्या दिवसांत रोज कामावरून आल्यावर ते खोलीत पालथे पडून टॉर्चनं फरशी तपासायचे. शेवटी त्यांना चक्कीच्या मागच्या पायाखाली फरशीला केसासारखी बारीक चीर सापडली. इतक्या वर्षांचं धुण्याचं पाणी त्या चिरेतून खाली मुरलं होतं. फरशी फोडली तर खालचा चुना ओलाच होता. चक्की थरथरली की ती ओल थोडी थोडी वर येत होती.

ते सगळं उकरून काढलं, वाळवलं, नवी फरशी घातली. त्यानंतरचे नमुने स्वच्छ आले. बाईंनी सलग काही वेळा तपासून मगच परवानगी दिली. त्यांनी निकाल सांगितला तेव्हा जाऊबाई हसल्याही नाहीत, म्हणाल्या, "पुढच्या वेळी कधी येणार?"

पाकीट नवीन छापलं. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत: खळखळ उकळून शिजवा, भरवण्यापुरतं निववा, लगेच भरवा, उरलेलं टाकून द्या. मेडिकलवाले म्हणाले, "वहिनी, 'टाकून द्या' कोणी छापतं का? लोकांना वाटेल काहीतरी गडबड आहे." काहींना वाटलंही. जुन्या गिऱ्हाइकांतले कितीतरी परत आले नाहीत. एक बाई तर दुकानात पाकीट उचलून, नाव वाचून, विंचू चावावा तसं खाली ठेवताना मी स्वतः पाहिली. जाऊबाईही तिथेच होत्या. त्यांनी ते पाकीट नीट सरळ करून ठेवलं, बस.

टेलरकाकांच्या लेकीनं आमचं पीठ पुन्हा कधी घेतलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या सकाळी ती मुलीला कडेवर घेऊन दारात आली. मूल आता पायानं हवेत लाथा मारत होतं.

"पीठ नकोय मला," ती आल्या आल्या म्हणाली. "घरीच काय ते शिजवून देणार आहे. पण सकाळचं संध्याकाळपर्यंत कसं टिकवायचं ते सांगा. आईला चटकन जमेल असं."

जाऊबाईंनी तिला आत बोलावलं नाही, स्वतःच तिच्याबरोबर निघाल्या. तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिच्या आईला दाखवलं, टिकवायच्या भानगडीत पडूच नका, एका वेळेपुरतंच करा, लहान पातेलं घ्या, हे बघा, बोलता बोलता उकळी येते. तिथे थर्मास फळीवर होता. जाऊबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही आणि त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. काम झाल्यावर लेक जिन्यापर्यंत पोचवायला आली. "त्या दिवशी मी दार लावलं," ती म्हणाली.

"लावायचंच होतं," जाऊबाई म्हणाल्या.

दोघींमध्ये त्यापुढे मैत्री वगैरे झाली नाही. रस्त्यात भेटल्या की मान हलवत, पोरीची चौकशी होई. मला वाटतं, दोघींनाही तेवढंच हवं होतं.

धंदा हळूहळू पुन्हा उभा राहिला, पूर्वीइतका नाही. मग एका मोठ्या दुकानाचा माणूस आला. माल उचलायला तयार होता, फक्त पाकिटावर 'संपूर्ण सुरक्षित' असं ठळक छापा म्हणाला, त्यानं खप वाढतो. मोठे भाऊजी खूश झाले. जाऊबाईंनी विचारलं, "संपूर्ण म्हणजे?"

"म्हणजे शंभर टक्के."

"तसं कोणी सांगू शकतं का?" त्यांनी खरंच विचारलं, टोमणा नव्हता. "आम्ही प्रत्येक घाण्याचा नमुना तपासतो. नमुना चांगला निघाला म्हणजे तेवढा नमुना चांगला. बाकीच्याची आम्ही काळजी घेतलीय, एवढंच मला छापता येईल."

"'काळजी घेतली आहे' यावर कोण विकत घेईल, ताई?"

तो गेला, पुन्हा आला नाही. मोठ्या भाऊजींनी कपाळावर हात मारला.

आता पाकिटावर आमचा फोन नंबर असतो. फोन जाऊबाईच घेतात, गुडघ्यांमुळे चक्कीपाशी फार वेळ उभं राहवत नाही म्हणून ते काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंय. परवा एका नव्या बापाचा फोन आला होता. बायको माहेरी, मूल याच्याकडे, आणि पाकिटात चुकून पाण्याचा चमचा बुडाला होता. कडेला थोड्याशा गुठळ्या झाल्या होत्या, बाकी पीठ कोरडंच होतं.

"सगळं टाका," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो आजी, जवळजवळ भरलेलं पाकीट आहे. वास तर छान येतोय."

"वासावरून कळत असतं तर काय हवं होतं, बाळा. टाका तुम्ही. दुकानात जा, माझं नाव सांगा, दुसरं देतील. पैसे नका देऊ." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आता भूक लागलीय का त्याला? रडतोय वाटतं. दूध आहे ना घरात? मग आधी ते उकळायला ठेवा. मी आहे फोनवर, घाई करू नका."

आणि दूध उकळून निवेपर्यंत, मूल दूध प्यायला लागेपर्यंत, त्या फोन कानाला धरून बसून राहिल्या.